फिरतीवर एकटीनं जेवायचं कुठे?

ताई,

मी 31 वर्षांची, कोल्हापूरची. शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत क्वालिटीला आहे. आमची कास्टिंग बंगळूरला पीन्या भागातल्या तीन-चार कारखान्यांत जातात, त्यामुळे महिन्यातून एकदा तरी मला तिथं जावं लागतं. दोन-तीन रात्रींचा मुक्काम असतो. काम आवडतं, अडतं ते जेवणावर. कंपनीनं ठरवून दिलेलं लॉज पीन्यातच, आतल्या रस्त्याला आहे. संध्याकाळी परतेपर्यंत आजूबाजूची शटरं खाली आलेली असतात, बाहेर नुसते ट्रक. मग खोलीवरच पनीर बटर मसाला आणि दोन रोट्या मागवते. दीड वर्ष हेच चाललंय. पित्ताच्या गोळ्या आता पर्समध्येच असतात. एकदा धीर करून एका मॉलमध्ये जेवायला गेले, तर बिल झालं 1,150 रुपये. कंपनी दिवसभराच्या जेवणाचे 600 देते. शिवाय टेबलाशी एकटी बसले की वेटर विचारतो, "मॅडम, और कोई आने वाला है?" तो प्रश्न ऐकला की घास घशाखाली उतरत नाही. मोबाइलवर शोधावं तर सगळ्यांनाच चार-सव्वाचार तारे. साधं, ताजं, खिशाला झेपणारं आणि एकट्या बाईला निवांत खाता येईल असं ठिकाण परक्या गावात शोधायचं तरी कसं? सोमवार-गुरुवार सोडून मी मटण-मासे खाते.

– फिरतीवरची, कोल्हापूर

प्रिय फिरतीवरची,

तुझा तो वेटर मला चांगला माहीत आहे. 23 वर्षं मी ऑडिटच्या नोकरीत गावोगाव फिरले, आणि हा प्रश्न मला बऱ्याच भाषांतून विचारला गेला. सुरुवातीचं वर्षभर मीही खोलीतच जेवायची. दिवसभर दुसऱ्याच्या कारखान्यात उभं राहून आपल्या मालाची बाजू मांडायची आणि रात्री बंद दाराआड गार रोटी चावायची, याचा शीण मला ठाऊक आहे. फिरतीवरच्या माणसानं नीट जेवणं याला कुणी चोचले म्हणत असेल तर म्हणू दे. मी त्याला कामाचा भाग समजते. पित्तानं डोकं दुखत असताना रिजेक्शनच्या वादात तू काय नेटानं बोलणार?

पहिली गोष्ट हॉटेलांची नाहीच. लॉज बदल. राहायची जागा चुकली की जेवण चुकतंच, मग मोबाइलवर कितीही शोधलं तरी उपयोग नाही. पीन्या कामाच्या माणसांचं गाव आहे. शिफ्ट सुटली की ते रिकामं होतं आणि तिथली खाण्याची ठिकाणं त्या शिफ्टच्या तालावर चालतात. संध्याकाळी साडेसातला तिथं तुझ्यासाठी कुणी चूल पेटवून बसलेलं नाही, यात त्यांची काही चूक नाही.

पण तुझं नशीब असं की बंगळूर मेट्रोची हिरवी लाइन थेट पीन्यातून जाते. तुझी कोल्हापूरची रात्रीची बस ज्या तुमकूर रोडनं शहरात शिरते, त्याच रस्त्यावर डोक्यावरून ही मेट्रो धावते. पीन्यापासून दुसरं स्टेशन यशवंतपूर, आठवं संपिगे रोड, म्हणजे मल्लेश्वरमचं तोंड. पुढे मॅजेस्टिक, आणि बाराव्या स्टेशनाला नॅशनल कॉलेज, म्हणजे बसवनगुडी. लालबाग त्याच्या पुढचं. जुन्या बंगळूरचं निम्मं नावाजलेलं खाणं या एका लाइनीवर किंवा तिच्यापासून चालत, फार तर थोड्या रिक्षाच्या अंतरावर आहे. गाडी बदलावी लागत नाही. तेव्हा यशवंतपूर किंवा मल्लेश्वरमला स्टेशनजवळचं, उजेडाच्या रस्त्यावरचं लॉज बघ. मल्लेश्वरम तर जुनी कुटुंबवस्ती आहे. संपिगे म्हणजे सोनचाफा. समांतर रस्त्याचं नाव मार्गोसा, म्हणजे कडुनिंब. दोन्ही रस्त्यांना आडवे क्रॉस आकड्यांनी मोजलेले, त्यामुळे नवखी बाईही वाट चुकत नाही. संध्याकाळी फुलवाल्या, भाजीवाल्या, खरेदीला निघालेल्या बायका यांनी फुटपाथ भरलेला असतो. सकाळी कारखान्यात जाताना तू गर्दीच्या उलट दिशेनं शहराबाहेर जाशील, हा आणखी एक फायदा. कंपनीला सांगताना तब्येतीचं सांगूच नकोस. भाडं तेवढंच आहे आणि टॅक्सीचा खर्च वाचतो, एवढं कागदावर मांड. अकाउंट्सवाल्यांना हीच भाषा कळते.

आता खाण्याकडे येऊ. परक्या गावात आपण एक चूक हमखास करतो. आपल्याला ज्या वेळेला जे खायची सवय आहे, ते तिथं शोधायला जातो. उलट आधी त्या गावाचं पोट कधी आणि कशासाठी जागं होतं ते बघायचं. बंगळूरचं पोट पहाटे जागं होतं. तिथं 'तिंडी' आणि 'ऊटा' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तिंडी म्हणजे नाश्ता-फराळ, ऊटा म्हणजे पानावरचं जेवण. तिंडीची नावाजलेली जुनी घरं सकाळी लवकर उघडतात आणि त्यातली बरीचशी दुपारी दार लावून घेतात, ती तिसऱ्या प्रहरी परत उघडतात. तू दुपारी दीडला डोसा शोधलास तर दिवसभर पाट्या टाकणाऱ्या मोठ्या हॉटेलातला मिळेल. तोच डोसा सकाळी पावणेआठला खाल्लास तर रात्रभर आंबलेल्या पिठाचा, तासाभरात शेकड्यांनी उठणाऱ्या तव्यावरचा मिळेल. तुझा कारखाना साडेनऊ-दहाला सुरू होतो ना? मग बंगळूरचं सगळ्यात चांगलं खाणं तुझ्या कामाच्या आधी तयार असतं. दीड वर्ष तू ते झोपेत घालवलंस. माझ्या पहिल्या वर्षात मीही घालवलं.

आणि त्या वेळी एकटेपणाचा प्रश्नच उठत नाही, कारण बंगळुरात दर्शिनी आहेत. ही खास तिथली सोय. 1983 साली जयनगरात कॅफे दर्शिनी निघालं आणि तिथून हा प्रकार शहरभर पसरला. आधी गल्ल्यावर पैसे द्यायचे, टोकन घ्यायचं, काउंटरवर ते द्यायचं, प्लेट उचलायची आणि छातीएवढ्या उंच स्टीलच्या टेबलाशी उभं राहून खायचं. स्वयंपाक समोर दिसतो. वेटर नाही, खुर्ची नाही, त्यामुळे 'और कोई' विचारायलाही कुणी नाही.

यशवंतपूरच्या बाजूच्या एका दर्शिनीत मी पहिल्यांदा गेले तेव्हाची सकाळ अजून डोळ्यांपुढे आहे. टेबलं भरलेली. हातात इडलीची प्लेट, खांद्याला लॅपटॉपची बॅग, आणि मी भिंतीशी अवघडून उभी. एका टेबलाशी बँकेचं ओळखपत्र गळ्यात घातलेली माझ्याच वयाची बाई खात होती. तिनं न बोलता टेबलावरचं आपलं हेल्मेट उचलून पायाशी ठेवलं, डाव्या हातानं माझी प्लेट सरकवायला जागा केली आणि म्हणाली, "बन्नि." या. एवढंच. मग आम्ही दोघी समोरासमोर उभ्या राहून आपापलं खाल्लं. तिनं कॉफीचा स्टीलचा पेला खालच्या वाटीत उपडा-सुलटा करून निववला, दोन घोटांत संपवला, माझ्याकडे बघून मान हलवली आणि स्कूटर काढून गेली. त्या दिवसापासून परक्या गावात एकटं खाण्याची माझी धास्ती कमी झाली. तिथं सगळेच एकटे खात होते, आणि कुणालाच त्यात काही वाटत नव्हतं.

तिथं मागायचं काय? पहिल्या दिवशी चौ चौ बाथ घे. एका बशीत दोन मुदी येतात, एक खारा बाथ, म्हणजे भाज्या घातलेला आपला तिखट उपमा, आणि दुसरी केसरी बाथ, म्हणजे शिरा. दुसऱ्या दिवशी इडली-वडा. तिसऱ्या दिवशी सेट डोसा, जाड, मऊ, जाळीदार, सोबत सागू नावाची भाजी. त्यावर फिल्टर कॉफी. सांबार आपल्याला गोडसर लागेल, त्यात गूळ असतो. नको असेल तर वेगळं माग आणि चटणीवर भर दे. कॉफीसकट शंभर-सव्वाशेच्या पुढे बिल जाणं अवघड, म्हणजे तुझ्या 600 मधले जवळजवळ 500 दुपार-रात्रीसाठी उरले.

मल्लेश्वरमला राहिलीस तर एक सकाळ सीटीआरला दे. जुनं नाव सेंट्रल टिफिन रूम, आता पाटीवर श्री सागर असं आहे, पण कुणालाही सीटीआर विचार. बेन्ने मसाला डोसा, म्हणजे लोण्याचा. बाहेरून कडक, तपकिरी, आतून मऊ. त्याच भागात वीणा स्टोअर्स आहे, तिथं बसायची सोय नाही, लोक रस्त्याकडेला उभं राहून इडली खातात. दुसऱ्या कुठल्या तरी सकाळी नॅशनल कॉलेज स्टेशनला उतरून ब्राह्मिन्स कॉफी बारपर्यंत चालत जा. 1965 सालचं हे छोटंसं दुकान. इडली, वडा, खारा बाथ, केसरी बाथ, चहा-कॉफी, बस. सांबारसुद्धा नाही, नुसती चटणी, ती मात्र मागाल तितकी. मला हे दुकान फार आवडतं, आणि तुला मनापासून सांगायची गोष्ट त्यातच आहे: ज्या स्वयंपाकघरात पाच-सहाच पदार्थ होतात आणि बाहेर माणसं उभी असतात, तिथलं काहीही कालचं नसतं. पीठ रात्री भिजवलेलं, सकाळी संपलेलं. तुझ्या लॉजचं मेनूकार्ड आठव. दोनशे पदार्थ असतील. एका माणसाच्या ऑर्डरीसाठी रात्री दहाला दोनशे पदार्थ ताजे कसे होणार? सकाळीच करून ठेवलेली एक लाल ग्रेव्ही आणि एक पांढरी, त्यात पनीर टाकलं की बटर मसाला, काजू टाकले की काजू करी. वर क्रीम. तुझ्या पित्ताचं औषध पर्समध्ये नाही, त्या मेनूकार्डाच्या जाडीत आहे.

बसवनगुडीत गांधी बाजारात विद्यार्थी भवन आहे, 1943 चं. एका हातावर डोशांच्या बशांची उतरंड रचून वेटर येतो, ते बघायलाच माणसं थांबतात. तिथं बसून खायचं असतं, पण टेबल एकट्यादुकट्याचं नसतं, जागा असेल तिथं अनोळखी माणसांसोबत बसवतात. शुक्रवारी बंद, एवढं लक्षात ठेव. लालबाग रोडवरचं एमटीआर, म्हणजे मावळ्ळी टिफिन रूम, 1924 चं, सोमवारी बंद. दुसऱ्या महायुद्धात तांदळाचा तुटवडा पडला तेव्हा रव्याची इडली तिथं जन्मली, असं एमटीआरवाले सांगतात. आणीबाणीत सरकारनं हॉटेलांचे दर उतरवायला लावले तेव्हा त्यांनी दर्जा उतरवला नाही, काही वर्षं हॉटेलच बंद ठेवलं आणि तयार मसाले-पिठं विकायला घेतली. आपल्याकडे दिवाळीत ज्या गुलाबजामाच्या पाकिटांची रीघ लागते, त्यांच्यावरचं नाव हेच. तिथली गर्दी मात्र वेळ खाते, तेव्हा कामाच्या दिवशी नको. एखादा रविवार धरून मुक्काम पडला तर जा.

दुपारचं जेवण पीन्यातच होणार. इथं मी तुला लाजू नकोस असं सांगेन. ज्या कारखान्यात तू जातेस तिथलं कँटीन असतं. साडेबाराच्या सुमारास तिथल्या क्वालिटीवाल्या माणसांना सरळ म्हण, "आज मी तुमच्यासोबत कँटीनला जेवते." बहुतेक वेळा त्यांना बरंच वाटतं. भात, सारू म्हणजे पातळ सार, पल्या म्हणजे कोरडी भाजी, ताक. साधं, गरम, आणि शंभर माणसं रोज तेच खातात म्हणून पोटाला सोसणारं. माझा अनुभव असाही आहे की कॉन्फरन्स रूममध्ये अडकलेला वाद कँटीनच्या बाकावर सुटतो, पण त्यासाठी जाऊ नकोस, जेवायला जा.

कँटीन नसेल त्या दिवशी काय? आता नीट ऐक, कारण कोल्हापूरकरणीसाठी बंगळुरात एक घरचं दार उघडं आहे आणि तुला दीड वर्षात ते कुणी दाखवलेलं दिसत नाही. उत्तर कर्नाटकातल्या माणसांच्या खानावळी. शब्दही तोच, कन्नडमध्येही खानावळीच म्हणतात. बेळगाव, धारवाड, विजापूर, गुलबर्गा इथून कामाला आलेली हजारो माणसं या शहरात आहेत आणि त्यांना भात-सांबार पुरत नाही, भाकरी लागते. पाटीवर 'उत्तर कर्नाटक ऊटा' किंवा 'जोळद रोट्टी ऊटा' असं असतं. जोळ म्हणजे जोंधळा. कन्नड वाचता येत नसेल तर कुणालाही 'जोळद रोट्टी ऊटा एल्ली?' एवढं विचार. आत गेलीस की कानावर भाकरी थापल्याचा आवाज येईल. ताटात येईल काय: गरम भाकरी किंवा कडक पातळ रोटी, 'एण्णेगायी' म्हणजे आपलं भरलं वांगं, मोड आलेल्या कडधान्याची उसळ, कच्च्या मेथीची किंवा कांदापातीची पानं, शेंगदाण्याची चटणी, दही, ठेच्यासारखं काहीतरी झणझणीत. दोनशेच्या आत पोट भरतं. वाढणारे पुष्कळदा बेळगावकडचे निघतात आणि तू कोल्हापूरची म्हटल्यावर मराठीतच बोलू लागतात. मला एका खानावळीतल्या आजींनी ताटाशी उभं राहून विचारलं होतं, "अक्का, तिखट चालतंय न्हवं?" घरापासून सहाशे किलोमीटरवर, पत्र्याच्या छपराखाली. डोळ्यांत पाणी आलं ते ठेच्यानं आलं असं मी त्यांना सांगितलं.

अशी ठिकाणं शोधायला कुणाला विचारायचं, हेही एक तंत्रच आहे. लॉजच्या मॅनेजरला विचारू नकोस, तो तुला 'फॅमिलीवालं, एसी' दाखवील, कारण मॅडमना तेच हवं असं त्याला वाटतं. साहेब लोकांनाही नको, ते पाहुण्याला नेतात ते ठिकाण सांगतात. गेटवरच्या वॉचमनला, स्टोअरमधल्या पोराला, इन्स्पेक्शनला तुझ्यासोबत उभ्या राहणाऱ्या मुलीला विचार. आणि प्रश्न 'इथं चांगलं हॉटेल कुठंय?' असा नको. 'तुम्ही काल दुपारी कुठं जेवलात?' असा विचार. पहिल्या प्रश्नाला माणूस विचार करून शोभेल ते उत्तर देतो, दुसऱ्याला खरं देतो. बंगळुरात तर ओघानंच विचारता येतं, कारण लोक भेटल्यावर 'ऊटा आय्ता?' म्हणतात, जेवण झालं का? त्याला नुसतं हो म्हणू नकोस. 'अजून नाही, तुम्ही कुठं जाता?' म्हण, गाडी पुढे सरकते.

मोबाइल टाकून दे असं मी म्हणत नाही. तारे मात्र बघू नकोस. चार आणि साडेचार ताऱ्यांतला फरक हा बहुतेक खुर्च्यांचा आणि एसीचा असतो. शोधताना हॉटेल न शोधता पदार्थ आणि वस्ती शोध: 'जोळद रोट्टी यशवंतपूर', 'तट्टे इडली पीन्या' (तट्टे इडली म्हणजे बशीएवढी चपटी इडली). मग मालकानं टाकलेले फोटो सोडून गिऱ्हाइकांनी काढलेले बघ. स्टीलचं ताट, कडेला सांडलेलं ताक, मागे ऑफिसच्या कपड्यांतली माणसं, त्यात बायका दिसतात का. बायका दिसल्या की अर्धं काम झालं. आणि वाईट शेरे आधी वाच. 'बसायला जागा नव्हती', 'फार गर्दी', 'वेटर बोलत नाही', 'एक वाजता रोटी संपली' असे शेरे असतील तर खुशाल जा. 'पोट बिघडलं', 'शिळं होतं' असं गेल्या दोन-तीन महिन्यांत दोघांनी लिहिलं असेल तर जाऊ नकोस.

मटणाचं विचारलं नाहीस, पण वार सांगितलेस त्यावरून कळलं. बंगळुरात मांसाहारी खानावळींना मिलिटरी हॉटेल म्हणतात. त्यातली बरीच जुनी घरं मराठा कुटुंबांची आहेत, पिढ्यान्‌पिढ्या तिथं स्थायिक झालेली. जयनगरचं शिवाजी मिलिटरी हॉटेल त्यातलंच एक नावाजलेलं. तिथं डोन्ने बिर्याणी मिळते. डोन्ने म्हणजे आपला द्रोण, पानाचा. तांदूळ बारीक, रंग हिरवट, कारण मसाल्यात पुदिना-कोथिंबीर भरपूर. आपल्या तांबड्या-पांढऱ्याशी त्याची तुलना करू नकोस, वेगळी चीज म्हणून खा. मिलिटरी हॉटेलांत मिळाली तर रागी मुद्देही घे. नाचणीचा मऊ गोळा, तो चावायचा नसतो, तुकडा तोडून रश्श्यात बुडवायचा आणि गिळायचा. दुपारी लवकर जा, उशिरा गेलीस तर भांडी पालथी पडलेली दिसतील. या जागा पुरुषांनी भरलेल्या असतात, तेव्हा पहिल्यांदा तिथल्या एखाद्या सहकाऱ्याला सोबत घेऊन जा. त्यात कमीपणा काही नाही. दुसऱ्या खेपेला गल्ल्यावरचा माणूस तुला ओळखेल आणि मग सोबत लागणार नाही.

आता ती रात्र. तुझा खरा त्रास रात्रीचाच आहे. दिवसाचं मोठं जेवण दुपारी उरकलंस तर रात्री थोडक्यावर भागतं, आणि पित्तही तिथंच निम्मं कमी होईल. कारखान्यातून सुटलीस की लॉजवर जाऊन आडवी पडू नकोस, एकदा पाठ टेकली की परत बाहेर पडणं होत नाही. सरळ मेट्रोनं संपिगे रोडला उतर, सात-साडेसातला खा, मग खोलीवर जा. दर्शिनी तेव्हाही उघड्या असतात. इडली, नाहीतर दहीभात, त्याला मोसरन्ना म्हणतात. एखाद्या संध्याकाळी नॅशनल कॉलेजला उतरून व्ही. व्ही. पुरमच्या तिंडी बीदीत जा. बीदी म्हणजे रस्ता. सज्जनराव सर्कलजवळची ही खाऊगल्ली संध्याकाळी फुलते, लेकुरवाळ्या बायका, कॉलेजच्या पोरी, आजी-आजोबा सगळे उभ्यानं खात असतात. जानेवारीच्या आसपास गेलीस तर अवरेकाळूचे पदार्थ मिळतील. अवरे म्हणजे आपला पावटा, त्याचा डोसा, उसळ, चिवडा, काय वाटेल ते करतात. खोलीवर परतताना नंदिनीच्या दुधाच्या केंद्रातून ताकाची किंवा दह्याची पिशवी घेऊन जा. उशीर झाला तर तेवढ्यावर आणि घरून नेलेल्या शेंगदाण्याच्या चटणीवर रात्र निभते. नऊनंतर मात्र पायी फिरू नकोस, गाडी बोलव, आणि गाडीचा नंबर घरी कळव. मी आजही कळवते.

कधीतरी खुर्ची-टेबलाच्या हॉटेलात बसावंसं वाटेल, तेव्हा जेवणाच्या वेळेच्या पंधरा-वीस मिनिटं आधी जा. गर्दी नसते, जागा तुला निवडता येते. गल्ल्याजवळचं दोघांचं टेबल घे. आणि तो प्रश्न येईलच. त्याच्या जागी उभं राहून बघ. बहुतेक वेळा त्याच्या डोक्यात चार खुर्च्यांचं टेबल अडेल का, एवढाच हिशेब असतो. तू त्यात तुझ्या एकटेपणाची झडती ऐकतेस, म्हणून घास अडतो. उत्तर तयार ठेव: "मी एकटीच आहे. आज गरम काय आहे?" दुसरं वाक्य महत्त्वाचं आहे. ते ऐकलं की वेटरचा चेहरा बदलतो, कारण आता तू त्याच्या कामाविषयी बोलतेस. चांगला वेटर मग मेनूकार्ड बाजूला ठेवून तुला काय घ्यायचं आणि काय टाळायचं ते हळूच सांगतो. पुढच्या महिन्यात त्याच्याकडेच जा, त्याच टेबलाशी. फिरतीवरच्या माणसाला गावोगाव अशी एकदोन ओळखीची माणसं लागतात.

उद्या कंपनीनं दुसरीकडे पाठवलं तरी रीत हीच. इंदूरला सकाळी पोहे-जिलबी आणि रात्री सराफा, तिथं सोन्याची दुकानं बंद झाली की खाण्याचे ठेले लागतात. कोलकात्याला ऑफिसांच्या भागात जुनी पाइस हॉटेलं आहेत, मासे-भात, प्रत्येक वाटीचे पैसे वेगळे, आणि काही ठिकाणी केळीच्या पानाचेसुद्धा. चेन्नईला दुपारी 'मेस' शोध, रात्री टिफिन. गाव बदललं की वेळ बदलते, ताट बदलतं. तू फक्त तिथली कामाला जाणारी माणसं कुठल्या दारात शिरतात त्यावर नजर ठेव.

पुढच्या खेपेला बस यशवंतपूरला आली की तिथंच उतर. लॉजवर बॅग टाक, तोंड धू, आणि पहिल्या दर्शिनीत चौ चौ बाथ घे. दुपारी खानावळ शोध. कन्नडचा एकच शब्द पाठ करून जा, 'साकु', म्हणजे पुरे. भाकरी वाढणारे 'इन्नोंदु?' म्हणत, आणखी एक, असं विचारत येतात आणि तो शब्द कानावर पडेपर्यंत थांबत नाहीत. लगेच म्हणू नकोस.

तुझी,
ताई